ओट्स करावेत तिखटमिठाचे

रक्तातील साखर किंवा कोलेस्टेरॉल वाढल्याचे कळले की दवाखान्यात येणारा रुग्ण हल्ली हमखास विचारतो, "डॉक्टर, भाकरी बंद करून ओट्स सुरू करू का?" ओट्स सुरू करायला माझी हरकत नसते, भाकरी बंद करायला असते. शिवाय आपल्या घरांतून ओट्स ज्या रीतीने खाल्ले जातात, तीही मला पटत नाही. वाटीभर ओट्स दुधात शिजवायचे, जिभेला बरे वाटावे म्हणून साखर नाहीतर मध घालायचा, वर केळे चिरायचे; आणि अकरा वाजता पोटात कावळे ओरडू लागले की कचेरीखालच्या गाड्यावर वडापाव खायचा. अशाने साखर कशी उतरावी?

आपल्या भागातील दूध उत्पादकांना ओट हे नाव नवीन नाही. रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी ते हे पीक घेतात. त्याचेच दाणे सोलून, वाफवून, रुळांखाली चपटे केले की बाजारातील ओट्स तयार होतात. म्हणजे हे पोह्यांचेच दूरचे भावंड. मग पोह्यांना आपण जी फोडणी, कांदा, मिरची, कोथिंबीर देतो, ती ओट्सना का देऊ नये?

ओट्सचा खरा गुण त्याच्या बुळबुळीतपणात आहे. बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा चोथा त्यात असतो. आतड्यात त्याचा दाटसर लगदा होतो, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पित्तातील काही आम्ले शौचावाटे निघून जातात. ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, हे मान्य करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली तसा दावा वेष्टनावर छापण्यास परवानगी दिली. मात्र ३ ग्रॅमसाठी सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, आणि होणारी घट माफकच असते. तेवढ्या भरवशावर कोणी गोळ्या बंद करू नयेत. एकूण चोथा पाहिला, तर ज्वारी, बाजरी, नाचणी ओट्सच्या मागे नाहीत. एक किलो ओट्सच्या किमतीत ज्वारी दोन-तीन किलो सहज येते, हेही ध्यानात असू द्यावे. ज्याला परवडत नाही त्याने खंत करू नये.

आता पोटभर होण्याविषयी. चाळीस ग्रॅम ओट्स म्हणजे जेमतेम दीडशे कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिने. दोन भाकऱ्यांची सवय असलेल्या माणसाला हे जेवण कसे पुरणार? त्याला डाळीची जोड हवीच. माझ्या मते सर्वांत चांगली म्हणजे मूगडाळीची खिचडी. चार माणसांसाठी एक वाटी मूगडाळ तीन वाट्या पाण्यात आधी शिजवून घ्यावी. ओट्स पाच-सात मिनिटांत शिजतात, डाळीबरोबर कुकरला लावले तर त्यांची खळ होते. तीन वाट्या जाड ओट्स कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावेत. ही पायरी टाळू नये. चिकटपणाची तक्रार निम्म्याहून अधिक इथेच मिटते. दोन चमचे तेलात जिरे, मोहरी, हिंग, हळद, लसूण, कढीपत्ता यांची फोडणी करून कांदा, गाजर, फरसबी, दुधी, मटार, जे घरात असेल ते परतावे. डाळ आणि पाच-सहा वाट्या उकळते पाणी घालावे, उकळी फुटल्यावर ओट्स सोडावेत. वरून मूठभर दाण्याचे कूट आणि बाजूला वाटीभर दही घेतले की माणशी वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दुपारपर्यंत भूक लागत नाही.

हाच पदार्थ सगळ्या घराने खावा, असा माझा आग्रह असतो. सासऱ्यांसाठी ओट्सचे पातेले वेगळे, मुलांचे पोहे वेगळे, अशी दुहेरी राबणूक घरातील बाई किती दिवस करणार? महिन्याभरात ते पाकीट फडताळात मागे जाते. थालीपीठही उत्तम होते. ओट्स मिक्सरमधून भरड काढून निम्मी भाजणी मिसळावी, कांदा-कोथिंबीर सढळ हाताने घालावी. सांजा करायचा तर पाणी बेताचे, शिंपडूनच घालावे.

खरेदी करताना जाड ओट्स घ्यावेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स पचतातही झटपट, आणि मधुमेह्याची साखर लवकर चढवतात. मसाल्याच्या तयार पुड्यांबद्दल मी अधिक कडक आहे. पुडीमागे सोडियमचा आकडा असतो, तो चष्मा लावून वाचावा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाबाच्या रुग्णाने विकतचा मसाला घेण्यापेक्षा घरचा गोडा मसाला चिमूटभर टाकावा.

पहिल्या आठवड्यात पोट फुगल्यासारखे वाटते. म्हणून अर्ध्या प्रमाणात सुरुवात करून पाणी भरपूर प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि ज्यांना गव्हातील ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बाजारातील ओट्समध्ये गव्हाची भेसळ अनेकदा नकळत झालेली असते. खिचडी गार झाली की घट्ट बसते, तेव्हा वाढण्यापूर्वी थोडे उकळते पाणी घालून ढवळून घ्यावी.