आठवणींची परीक्षा नको, गप्पा हव्यात

साताऱ्यातील माझ्या दवाखान्यात एक आजोबा येतात. सकाळी काय खाल्ले, हे त्यांना सांगता येत नाही. मात्र ‘पाठलाग’चा विषय निघताच ते खुर्चीत सावरून बसतात. राजा परांजपे यांच्या १९६४च्या या रहस्यपटावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ निघाला, हे अभिमानाने सांगतात. सूनबाईंचे मत निराळे : “अण्णा, ‘अशी ही बनवाबनवी’ची सर कशालाच नाही!” वाद रंगतो.

वाचकहो, स्मृतिभ्रंशात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसट होतात. जुन्या अधिक काळ टिकतात. म्हणून ‘आठवतंय का?’ अशी परीक्षा घेऊ नका. उत्तर सुचले नाही, की माणूस ओशाळतो आणि हळूहळू बोलणेच सोडतो. त्याऐवजी ‘तुम्हाला कोणता आवडला?’ असे विचारा. आवडीनिवडीत चूक-बरोबर नसते. सनावळी चुकली, तरी दुरुस्त करू नका.

विनोदी चित्रपट दुपारी सर्वांनी मिळून पाहा. रात्री रहस्यपट टाळा. झोप उडते आणि काही रुग्णांना पडद्यावरील प्रसंग खराच वाटतो. संवाद नीट ऐकू येत नसतील, तर कान तपासून घ्या. गप्पांनी आजार बरा होत नाही. औषधे चालूच ठेवा. गोंधळ एकाएकी वाढल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

परवा आजोबा माझे नाव विसरले, पण सुनेला म्हणाले, “आपल्या वादाचा निकाल या डॉक्टरांना विचार.” तो मी अद्याप दिलेला नाही. वाद चालू राहणेच हिताचे आहे.