परतणाऱ्या लहरी काय सांगतात?

किबल्याची दिशा, नमाजच्या वेळा, उमरग्याचा रस्ता, यासाठी आपण मोबाईल उघडतो. त्या वेळी तो सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या रेडिओ लहरी ऐकून आपण कुठे आहोत ते ठरवतो. पण या लहरी फक्त मोबाईलवर येत नाहीत. पावसासारख्या त्या शेतावर, डोंगरावर, समुद्रावर, सगळीकडे पडतात आणि त्यांतल्या काही आपटून वर परततात. 1993 साली युरोपीय अवकाश संस्थेतील मार्टिन-नेइरा यांनी मांडले की, समुद्रावरून परतणाऱ्या या लहरी पकडल्या तर पाण्याची पातळी मोजता येईल.

घरी एक प्रयोग करू या. इशानंतर दिवा मालवून परातीत पाणी घ्या आणि मुलांना त्यावर तिरकी बॅटरी मारायला सांगा. समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका दिसेल. आता पाण्यावर फुंकर घाला. ठिपका विस्कटून पसरेल. फुंकर जितकी जोरात, तितका तो जास्त पसरेल. समुद्रावर वारा हेच करतो. लहरी किती विखुरल्या यावरून वाऱ्याचा वेग काढता येतो.

15 डिसेंबर 2016 रोजी अमेरिकेच्या नासाने यासाठी आठ छोटे उपग्रह सोडले. त्या मोहिमेचे नाव ‘सिग्नस’. हे उपग्रह स्वतः समुद्राकडे लहर सोडत नाहीत, फक्त ऐकतात. त्या लहरींची लांबी सुमारे 19 सेंटिमीटर असल्याने ढग किंवा मुसळधार पाऊस त्यांना फारसा अडवत नाही. म्हणून चक्रीवादळाच्या पोटातला वाराही मोजता येतो.

आता आपल्या माकणीला समुद्र कुठला? आपल्याकडे तेरणेवरचे धरण आणि काळी माती. पण मातीसुद्धा बोलते. ओल्या जमिनीवरून लहर जोरात परतते, कोरडीवरून क्षीण. त्यामुळे याच उपग्रहांवरून जमिनीतली ओल अजमावली जाते.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर सोयाबीन पेरायची घाई आणि मग पावसाची ओढ, हे आपण सोसले आहे. शेत स्वतःचे असो की बटईचे, दुबार पेरणीत बियाणे-खताचा पैसा जातो, उधारी वाढते, आणि त्याचा भार लेकरांच्या फीवर येतो. अशा घरांसाठी ओलीची माहिती मोलाची आहे.

मात्र उपग्रह वरच्या काही सेंटिमीटर थराचीच ओल सांगतो, आणि तीही कित्येक किलोमीटरच्या पट्ट्याची सरासरी. आपल्या बांधाआतले तो सांगणार नाही. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, हा कृषी खात्याचा सल्ला पाळावा, खुरप्याने माती उकरून ओल किती खोल गेली ते पाहावे, आणि मगच अल्लाहवर भरवसा ठेवून पाभर धरावी.

परातीचा प्रयोग मुलांसोबत मुलींनाही करू द्या. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी आरशावरून परतणारा प्रकाश असाच प्रयोग करून अभ्यासला होता.