फोटोला बसलेली बाई

मैत्रिणींनो,

या अंकाच्या मुखपृष्ठावर स्टुडिओतल्या खुर्चीत बसलेली एक बाई आहे. मागे रंगवलेला पडदा, शेजारी गोल टेबल, आणि जुन्या फोटोंना असतो तसा तपकिरी रंग. हा फोटो जुना नाही. या अंकासाठी मुद्दाम, मॉडेलला पैसे देऊन काढून घेतला आहे. आपल्या अंकावर मॉडेल कशाला, असे काहीजणी विचारतील. म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

जुन्या काळासारखे फोटो काढण्याची हौस सध्या सगळीकडे दिसते. लग्नाआधीचे फोटो असोत की दागिन्यांच्या जाहिराती, सगळीकडे नऊवारी, नथ, ठुशी, पितळी समई आणि वाड्याची चौकट. २०२५ च्या सप्टेंबरात तर मोबाईलवर आपला चेहरा देऊन संगणकाकडून जुन्या थाटातला साडीतला फोटो करून घेण्याची लाटच आली. नटण्यात गैर काही नाही. आपल्याही शिबिरांत शेवटच्या रात्री आपण नटतोच की! प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या फोटोंतला भूतकाळ एकाच घरातला का असतो? समईजवळ बसलेली बाई दिसते. त्याच वाड्यात माजघराच्या अंधारात बसवलेली, केशवपन केलेली विधवा दिसत नाही. वाड्यामागे भांडी घासणारी, शेण गोळा करणारी दिसत नाही. जी कधी वाड्याच्या उंबऱ्याआत येऊच शकली नाही, ती तर नाहीच नाही.

खरे म्हणजे जुने फोटोही मांडलेलेच असत. सुरुवातीच्या कॅमेऱ्यापुढे कित्येक सेकंद हलायचे नाही, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. हसू चेहऱ्यावर तेवढा वेळ टिकत नसे. पडदा, खुर्ची, हातातले पुस्तक बहुधा स्टुडिओचेच. कोणाला कसे बसवायचे, हे कॅमेरामागचा माणूस ठरवी. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील जाती-जमातींचे फोटो आठ खंडांत छापले. त्यांत माणसे आहेत ती नमुने म्हणून. १८९० च्या दशकात अंदमानात पोर्टमन या अधिकाऱ्याने तिथल्या स्त्री-पुरुषांना चौकटीचौकटींच्या पडद्यापुढे उभे करून फोटो काढले, शरीराची मापे घेता यावीत म्हणून. त्या बायकांना कोणी विचारले असेल का? दुसरीकडे हैदराबादेत १८९२ मध्ये राजा दीनदयाळ यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तो केनी-लेविक नावाची एक इंग्रज बाई चालवत असे. तिथे कॅमेरामागेही बाईच. पण ही सोय कोणाच्या घरातल्या बायकांना परवडणारी होती, हे सांगायला नको.

आणि आपल्या सर्वांच्या ओळखीचा तो फोटो आठवा. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात. तोही मांडलेलाच फोटो, पण तिघींची नावे आपल्याला ठाऊक आहेत आणि त्या तिथे कशासाठी गेल्या होत्या हेही. पोर्टमनच्या पडद्यापुढची बाई आणि या तिघी यांच्यात फरक कॅमेऱ्याचा नाही. समोर बसणारीला स्वतःबद्दल काही म्हणता येते की नाही, याचा आहे.

बंगळूरच्या चित्रकर्त्या पुष्पमाला एन. यांनी हाच धागा पकडला. २००० ते २००४ या काळात त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत दक्षिणेतील 'नेटिव्ह' स्त्रियांची एक मालिका केली. रविवर्म्याची चांदण्यातली स्त्री, त्याची लक्ष्मी, मोजमापाच्या पडद्यापुढची आदिवासी बाई, या सगळ्या जणी स्वतः पुष्पमालाच झाल्या. पडद्यामागची तयारीही त्यांनी फोटोंतून दाखवली. पाहणारीला कळते की 'भारतीय स्त्री' ही अशी उभी केली जाते.

आमची मॉडेल चित्रकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर बसण्याचे काम करते. तासन् तास न हलता बसणे हे कष्टाचे काम आहे, हे तिच्याकडूनच ऐकावे. आम्ही नथ आणि शालू पुढे केला तेव्हा तिने विचारले, "ताई, आमच्यात त्या काळी हे कोणी घातलंच नाही. मग मी कोणाची आजी व्हायचं?" तिची पणजी मुंबईत गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. घरात तिचा एकही फोटो नाही. मग ठरले, की पणजीच खुर्चीत बसेल. जाडेभरडे लुगडे, कामावर जाताना खोचतात तसे खोचलेले, हात मांडीवर उघडे, आणि हातात सुताची बॉबिन.

अटी आधी मराठीत लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. तयारीच्या वेळेसकट पूर्ण दिवसाचे पैसे. सोबत तिच्या पसंतीची एक बाई. प्रत्येक फोटो पाहून नको तो काढून टाकण्याचा हक्क. या अंकाबाहेर वापरायचा तर पुन्हा परवानगी. आतल्या पानावर तिचे नाव, छायाचित्रकाराच्या नावाच्या वर. हे सगळे लिहावे लागते, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. जिचा चेहरा आहे, तिचा त्यावर मालकी हक्क नाही. आपल्या संस्थांच्या अहवालांत, पत्रकांत वस्तीतल्या बायकांचे किती फोटो बिननावाचे छापले जातात, हेही यानिमित्ताने तपासू या.

आमच्यातल्या एका मैत्रिणीचा आक्षेप इथे नोंदवते, कारण तो वजनदार आहे. ती म्हणाली, जी कधी स्टुडिओची पायरी चढली नाही तिला तिथे बसवणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणे. उद्या हाच फोटो गिरणी कामगार बाईचा अस्सल जुना फोटो म्हणून फिरेल, आणि तिला फोटो मिळाला नव्हता हे दुःखच पुसले जाईल. तिचे म्हणणे मानून फोटोच्या कडेला आजचा दिव्याचा स्टँड मुद्दाम दिसू दिला आहे आणि खाली या वर्षाचा आकडा छापला आहे. तेवढे पुरेसे आहे का? माझ्या मते आहे, तिच्या मते नाही. तुमचे मत कळवा.

एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. घरातले जुने फोटो खाली काढा. आजी, आत्या, शेजारची काकू, जिला कोणाला आठवत असेल तिला विचारा आणि प्रत्येकीचे नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. 'अमक्याची बायको' नको, तिचे स्वतःचे नाव. ती काय काम करत होती तेही. आणि जिचा फोटोच नाही, तिच्याबद्दल चार ओळी लिहून आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात त्या ओळींसाठी जागा राखून ठेवली आहे.

सप्रेम,
संपादक