पिशवीवरील चित्र आणि मोबाईलमधील ॲप

मृग जवळ आला की जालन्याच्या बाजारात बियाण्यांच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी या गावी 'महिको'ची स्थापना केली आणि पुढे बियाण्यांच्या उद्योगाने जालन्याचे नाव देशभर नेले. अशा गावच्या शेतकऱ्यास एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही : पिशवीवरील चित्र उगवत नाही, उगवते ते आतील बी. म्हणूनच घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो व सत्तराहून कमी उगवल्यास सावध होतो.

हीच सावधगिरी मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. 'आमचे स्वतंत्र ॲप आहे' एवढे सांगितले की वस्तू उत्तम, असे मानण्याची रीत पडली आहे. वास्तविक बाजारभाव, हवामान व पीकसल्ला वाचण्यास साधे संकेतस्थळ पुरते. ते कोणत्याही मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडते. ॲप मात्र उतरवून घ्यावे लागते. ते जागा व्यापते आणि वरचेवर नवी आवृत्ती मागते.

ही हवा कोठून आली, हेही पाहण्यासारखे आहे. २००७ साली आयफोन निघाला तेव्हा ॲपल कंपनीने बाहेरच्या कारागिरांस संकेतस्थळाच्याच रूपाने कार्यक्रम लिहिण्यास सांगितले होते. जुलै २००८ मध्ये तिने ॲपचे दुकान उघडले आणि तेव्हापासून 'ॲप म्हणजे प्रगती' हे समीकरण रूढ झाले. आज संकेतस्थळही परवानगी घेऊन कॅमेरा व ठिकाण वापरू शकते.

याचा अर्थ ॲप निरुपयोगी आहे, असा नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे त्याचे उदाहरण होय. येथे शेतकऱ्याने प्रत्यक्ष बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह घ्यावयाचे असते. मंठा वा भोकरदन तालुक्यातील एखाद्या शिवारात 'रेंज' नसली, तर माहिती मोबाईलमध्येच साठून राहणे अगत्याचे ठरते. अशा कामास ॲप शोभते. आणि ते नीट चालणे फार महत्त्वाचे आहे, कारण सातबाऱ्यावर पीकनोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदीत शेतकऱ्याची अडवणूक होते.

उलट, सातबारा पाहण्यासाठी 'महाभूलेख' आणि योजनांच्या अर्जासाठी 'महाडीबीटी' ही संकेतस्थळे आहेत. ती मुलाच्या, शेजाऱ्याच्या किंवा सेवा केंद्रातील यंत्रावरही उघडतात. ज्याच्या घरी जुना मोबाईल आहे, त्याच्यासाठी ही सोय लहान नाही.

कोणी म्हणेल, ॲपच्या चित्रावर बोट ठेवले की काम होते, पत्ता लिहावा लागत नाही. हे खरे, परंतु ब्राउझरमधील 'होम स्क्रीनवर जोडा' ही सोय वापरल्यास संकेतस्थळाचीही तशीच खूण मोबाईलच्या दर्शनी पटावर ठेवता येते.

तेव्हा आमचे मत असे की, माहिती द्यावयाची असेल तेथे शासकीय खात्यांनी आणि खाजगी विक्रेत्यांनी प्रथम हलके, मराठी संकेतस्थळ द्यावे. ॲप काढावे ते शिवारातील कामास खरोखर लागेल तेव्हाच.

शेतकरी बंधु-भगिनींनीही ॲप घेण्यापूर्वी त्याची उगवण तपासावी. ते कोणी काढले आहे? हेच काम संकेतस्थळावर होते काय? रेंज नसताना ते चालते काय? पीकसल्ला देणाऱ्यास आपल्या मोबाईलमधील सर्व नावे व क्रमांक कशासाठी हवेत? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर ॲप अवश्य घ्यावे. न मिळाल्यास, गोणपाटात न उगवलेल्या दाण्याप्रमाणे ते बाजूस सारावे. शेत आपले आहे आणि मोबाईलही आपलाच आहे. त्यात काय पेरावयाचे, हे जाहिरातीने ठरवू नये.