इलीचा डबा आणि आमचं दुकान

परवा भाच्याने आणलेला इली कॉफीचा डबा उघडला. फस्स् असा आवाज आणि घरभर वास! त्या 'फस्स्'मागे एक अख्खं घराणं आहे.

फ्रान्चेस्को इली मूळचा आजच्या रोमानियातल्या तिमिशोआराचा. पहिल्या महायुद्धानंतर तो त्रिएस्ते बंदरात स्थिरावला आणि १९३३ साली त्याने कॉफीचा धंदा काढला. भाजलेली कॉफी हवेने उतरते, म्हणून डब्यात हवेऐवजी दाबाखाली निष्क्रिय वायू भरायची युक्ती त्याची. मुलगा एर्नेस्तो रसायनशास्त्र शिकला आणि ते शास्त्र त्याने धंद्यात आणलं. १९९१ पासून ब्राझीलमधल्या उत्तम कॉफी पिकवणाऱ्यांना बक्षिसं सुरू झाली. नातू आंद्रेआच्या काळात, २०१६ मध्ये, मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीवर प्रथमच घराबाहेरचा माणूस बसला. २०२१ मध्ये तर वीस टक्के हिस्साही बाहेर गेला.

मग घरचा धंदा राहिला कुठे, असं कोणी म्हणेल. मला तर वाटतं, म्हणूनच राहिला!

आजोबांचं मसाल्याचं दुकान आठवतंय ना? 'अण्णा करायचे तस्संच' म्हणत आपण ते जपलं. शिकलो सगळे, पण शिकलेलं दुकानात आणलं नाही कुणी. परक्याला गल्ल्यावरही बसू दिलं नाही. शेवटी कुलूपच लागलं. काका, रागावू नका, त्यात मीही आलोच. अण्णांनीसुद्धा त्यांच्या काळी काहीतरी नवंच केलं होतं, हे आपण विसरलो.

असो. कॉफी मात्र झकास झाली होती.