'का' काढा

लावणीच्या दिवसांत शेजारच्या काकूंना घोणस डसली. खाचरातून वर येताना बांधावरच्या गवतात पाय पडला आणि निमित्त झालं. पोरांनी त्यांना जीपमध्ये घालून जवळचा सरकारी दवाखाना गाठला. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत नावाला महत्त्व नाही. तिथं सलाईन लागलं, धावपळ झाली आणि लगेच कराडला न्यायचं ठरलं. पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता, वर पाटणचा पाऊस. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर डोंगर आला, तेव्हापासून आमच्याकडं पावसात गाडी काढताना माणसं आधी डोंगराकडं बघतात. काकू वाचल्या. पाय महिनाभर सुजलेला होता, पण वाचल्या.

त्या परत येईपर्यंत पारावर निकाल लागलेला होता. "दवाखान्यात सापाची लस नव्हती म्हणजे काय? विकली असणार." कुणी विकली, कुणाला विकली, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मलाही राग आला होता. चाळीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसाचा राग कागदावर उतरतो. मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. आमच्याकडं त्याला 'माहिती अधिकार टाकणं' म्हणतात, दगड टाकावा तसं.

दोन पानं झाली. लस का नव्हती? वेळेत का मागवली नाही? रुग्णाला कराडला का पाठवलं? संबंधितांवर कारवाई का झाली नाही? एकूण सात प्रश्न, आणि सातही प्रश्नांत 'का' होता. स्वतःवर खूश होऊन तो कागद मी तहसीलमधून निवृत्त झालेल्या आमच्या भाऊसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सारून वाचला आणि म्हणाले, "गुरुजी, अर्ज झ्याक हाय. पण ह्यो भांडणाचा हाय, माहितीचा न्हाय. पयलं ह्यातलं 'का' काढा."

मला वाटलं, जुन्या कारकुनाची ही खोड असणार. पण भाऊसाहेबांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. 2008 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं हेच सांगितलं आहे. कार्यालयाच्या दप्तरात जे आहे ती माहिती. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं समर्थन मागणं म्हणजे माहिती मागणं नव्हे. साठा नोंदवही हे दप्तर आहे, मागणीपत्र हे दप्तर आहे. 'का' कुठल्याच कपाटात ठेवलेला नसतो. तो विचारला की अधिकाऱ्याला 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं, आणि ते चूकही नसतं.

गंमत अशी की कायद्यानं हा 'का' दोन्ही बाजूंनी काढला आहे. कलम 6(2) प्रमाणं अर्जदारानं माहिती कशासाठी हवी ते सांगायचं नसतं, आणि अधिकाऱ्यांनी ते विचारायचंही नसतं. मी त्यांना 'का' विचारू शकत नाही, तेही मला 'का' विचारू शकत नाहीत. मग मधे उरतं ते काय, किती आणि कधी. गणिताचा मास्तर असूनही हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मग अर्ज पुन्हा लिहिला. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाप्रमाणं अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. सुरुवातीला याचाही राग आला, मग लक्षात आलं की या नियमानं मला मराठी लिहायला शिकवलं. 'एप्रिल ते जुलै या चार महिन्यांतील सर्पदंशावरील प्रतिविषाच्या साठा नोंदवहीची पाने, त्यासाठी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवलेली मागणीपत्रे व स्मरणपत्रे यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.' एवढंच. जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात ते बसवलं, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला.

पहिल्या दिवशी मी चुकीच्या दारात उभा राहिलो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचं. आजारी माणसाला सगळे सरकारी दवाखाने सारखेच असतात, दप्तराला नसतात. चुकीच्या ठिकाणी अर्ज पडला तरी तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्या कार्यालयाचीच असते. मी मात्र स्वतःच उचलून योग्य बारनिशीत नेला. तिथल्या माणसानं विचारलंच, "कशाला पायजे हे, गुरुजी?" मी हसून 'पोच द्या' म्हटलं. त्यानंही हसून शिक्का मारला. कायद्यात 'का' नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण सवय जात नाही.

त्याच्या प्रश्नात निव्वळ उर्मटपणा नव्हता, थोडी भीतीही होती. खिशात 'कार्यकर्ता' असं छापलेलं कार्ड घेऊन फिरणारी, अर्ज टाकून मग चहाला बोलावणारी मंडळी तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयाला ठाऊक आहेत. दुसऱ्या टोकाला तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आहेत. जमिनींचे घोटाळे माहिती अधिकारातून उघड करणाऱ्या या माणसाला 13 जानेवारी 2010 च्या सकाळी फिरायला गेला असताना मारून टाकलं. हा कागद एकाच्या हातात धंदा असतो, दुसऱ्याच्या जिवावर बेततो. आपला अर्ज या दोन्हींमधला, साध्या माणसाचा आहे, हे बारनिशीतल्या माणसाला कपाळ पाहून कसं कळणार?

दवाखान्याच्या बाबतीत अजून एक अडसर असतो, तो रुग्णाच्या गुपिताचा. मी मुद्दाम एकाही रुग्णाचं नाव मागितलं नाही. स्वतःचे कागद मागणं वेगळं. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणं रुग्णानं मागितल्यावर त्याचे कागद 72 तासांत द्यायचे असतात, त्याला माहिती अधिकार लागतच नाही. दुसऱ्याचे कागद मात्र सहसा मिळत नाहीत, मिळूही नयेत. याला गाजलेला अपवाद मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा. 2006 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल सुरूपसिंग नाईक या मंत्र्यांना सर्वोच्च न्यायालयानं एक महिन्याची कैद सुनावली. त्या महिन्यातला बराच काळ ते तुरुंगाऐवजी जे. जे. मध्ये होते. एका नागरिकानं त्यांच्या आजारपणाचे कागद मागितले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 2007 मध्ये न्यायालयानं म्हटलं की डॉक्टरांच्या आचारसंहितेपेक्षा माहिती अधिकाराचा कायदा वरचढ आहे, आणि शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या बाबतीत जनहित असेल तर असे कागद उघड करता येतात. पण तो मंत्री होता, कैदी होता. काकूंच्या शेजारच्या खाटेवर कोण होतं, हे मला कळायचं काही कारण नाही. लशीच्या किती व्हायल आल्या आणि किती गेल्या, हे मात्र साऱ्या गावाला कळायला हवं.

कारण हिशेब गावाचाच आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. चांगलंच झालं. पण बिल नसलं की माणसाला वाटतं, आपण फुकट घेतोय, विचारायचं कुठल्या तोंडानं? 1996 मध्ये राजस्थानच्या ब्यावरमध्ये चाळीस दिवस धरणं धरलेल्या मजूर-शेतकऱ्यांनी याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे: पैसा आमचा, हिशेबही आमचा. त्यांच्यातल्या अनेकांना वाचता येत नव्हतं, पण हजेरीपट मागायचा असतो हे त्यांना कळलं होतं. पुढं अण्णा हजारेंच्या आंदोलनांच्या रेट्यानं महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला आणि मग 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा कायदा लागू झाला.

तीस दिवसांची मुदत होती. ती टळली असती तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, तिथंही दाद लागली नाही तर माहिती आयोगाच्या पुण्याच्या खंडपीठाकडं दुसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 पर्यंत दंड होऊ शकतो, असा मजकूर मी पाठ करून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. सव्विसाव्या दिवशी पत्र आलं: 9 पानं, 2 रुपये पानाप्रमाणं 18 रुपये भरून प्रती न्याव्यात.

पानं घेऊन मी आणि भाऊसाहेब त्यांच्या ओसरीवर बसलो. पहिला धक्का असा की त्या दिवशी साठा शून्य नव्हता, 3 व्हायल शिल्लक होत्या. मग लस नाही असं का सांगितलं? नोंदवही याचं थेट उत्तर देत नाही, पण मागच्या पानांवर एकेका रुग्णाला किती व्हायल गेल्या, त्यावरून ते दिसत होतं. सापाचं विष अंगात भिनल्याची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल द्याव्या लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती एकच लस चालते, आणि साप कुठलाही असला तरी मात्रा साधारण तीच. तीन व्हायलवर थांबवून घेण्यापेक्षा पुढं पाठवणं शहाणपणाचं होतं. काकूंच्या थोरल्याला पुन्हा विचारलं. आठवून आठवून तो म्हणाला, "तसं 'पुरेशी न्हाय' असं म्हणाल्या होत्या सिस्टर." पारावर पोचेपर्यंत त्यातला 'पुरेशी' गळून गेला होता.

दुसरी गोष्ट तारखांत होती. एप्रिलअखेरीस मागणीपत्र. मेच्या मध्यात स्मरणपत्र. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरं स्मरणपत्र, 'पावसाळा सुरू होत असून सर्पदंशाचे रुग्ण वाढतात' अशी ओळ घालून. माल आला तो काकू कराडच्या खाटेवर असताना. ज्या दवाखान्यावर पारानं चोरीचा आळ घेतला होता, तिथला माणूस दोन महिने आमच्याचसाठी अर्ज करत होता. आमच्यासारखाच, आणि त्याच्याही अर्जाला उत्तर येत नव्हतं.

म्हणून आता दुसरा अर्ज तयार आहे, वरच्या कार्यालयासाठी. ही मागणीपत्रं तुमच्याकडं कोणत्या तारखेला आली, कोणत्या तारखेला माल सुटला. त्यातही 'का' नाही. खरं तर अर्जाची वेळच येऊ नये. कलम 4 प्रमाणं कार्यालयानं बरीच माहिती आपणहून मांडायची असते. दवाखान्याच्या दारात एक काळा फळा असावा: प्रतिविष इतकं, कुत्र्याची लस इतकी, आजची तारीख. दोन रुपयांच्या खडूचं काम. काकूंना घेऊन जाणारी जीप त्या फळ्यासमोर थांबलीही नसती, थेट कराडच्या रस्त्याला लागली असती.

ती 9 पानं मी फाईलला लावली. लावताना एक गोष्ट दिसली. झेरॉक्स सगळी काळी-पांढरी, पण दोन्ही स्मरणपत्रांच्या तारखांखाली लाल रेघ होती. बोट फिरवलं तर शाई किंचित पसरली. म्हणजे मूळ कागदावर नव्हती, प्रत काढल्यावर कुणीतरी पट्टी लावून सरळ ओढली होती.

कुणी ओढली ते विचारायला मी गेलो नाही. का, ते तर नाहीच.