व्हीआर गेम झोन टाकायचाय? आधी आयमॅक्सचा हिशोब बघा

डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस जागेवर उभा राहून उंच फळीवर चालतो, झोंबींशी लढतो. मॉलमधला हा व्हीआर गेमचा धंदा तालुक्याच्या गावी टाकावा, असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कर्ज काढण्याआधी थोडं थांबावं.

मोठ्या पडद्याच्या सिनेमासाठी प्रसिद्ध असलेल्या आयमॅक्स कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला पहिलं व्हीआर केंद्र उघडलं. पुढे अशी ७ केंद्रं झाली. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांना टाळं लागलं. पैसा होता, नाव होतं, पण गिऱ्हाईक पुरलं नाही.

नवल एकदाच असतं. शिवाय एका हेडसेटवर एका वेळी एकच जण. खेळ १० मिनिटांचा धरला तरी तासाला फार तर ६ गिऱ्हाईकं. भाडं आणि वीजबिल मात्र चालूच. जत्रेतला पाळणा चालतो, कारण तो गावोगाव फिरतो. दुकान जागचं हलत नाही.

मग टिकलं कोण? हाँगकाँगमध्ये सुरू झालेली सँडबॉक्स व्हीआर. कोरोनात, २०२० मध्ये तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला, पण ती पुन्हा उभी राहिली. तिथे मित्रांचा गट एकाच खोलीत मिळून खेळतो. ही मजा घरी मोबाईलवर मिळत नाही.

म्हणून मशीनची किंमत विचारण्याआधी गावात पुन्हा पुन्हा येणारे किती गट मिळतील, ते मोजावं. मिळत नसतील, तर दोन हेडसेट घेऊन जत्रा फिरणं कमी जोखमीचं.